तेल, लिंबू आणि मोहरी

(बटाट्याच्या सॅलडवर घालायचे ड्रेसिंग घरी कसे करावे, हे या पाठात सांगितले आहे. तेल आणि लिंबाचा रस एकमेकांत का मिसळत नाहीत, मोहरी त्यांना कशी एकत्र ठेवते आणि आपल्या हवेत असा पदार्थ करताना कोणती काळजी घ्यावी, याचीही माहिती यात आहे. पाठ वाचा आणि घरी मोठ्या माणसांच्या मदतीने करून पाहा.)



जेवणाच्या वेळी तुमच्या घरच्या दस्तरखानावर बहुतेक वेळा एक छोटी बशी असते. तिच्यात चिरलेला कांदा, काकडी आणि टोमॅटो असतो. त्यावर मीठ भुरभुरलेले असते, लिंबू पिळलेले असते. तिला तुम्ही सलाद म्हणता. मराठी घरांतली कोशिंबीर ही त्याचीच जवळची बहीण. सलाद किंवा सॅलड हा शब्द युरोपातून आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आहे 'मीठ लावलेले'. म्हणजे या पदार्थाचे नाव भाजीवरून पडले नाही, तर भाजीवर जे घालतात त्यावरून पडले.

भाजीवर घालायच्या या आंबट-खारट मिश्रणाला ड्रेसिंग म्हणतात. तेल, आंबट आणि मीठ या त्यातल्या तीन मुख्य वस्तू. काकडी किंवा टोमॅटो ड्रेसिंगशिवायही खाता येतो. बटाट्याचे तसे नाही. उकडलेला बटाटा गरीब स्वभावाचा असतो. त्याला स्वतःची ठळक चव नसते. जे द्याल ते तो घेतो. म्हणून बटाट्याचे सॅलड चांगले झाले की नाही, हे ड्रेसिंगवरच ठरते.

हा बटाटा आपल्याकडे फार दुरून आला. त्याचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तेथील लोक हजारो वर्षांपासून त्याची शेती करत होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पुढे युरोपीय लोकांबरोबर तो भारतात आला. 'बटाटा' हा मराठी शब्द पोर्तुगीज भाषेतला आहे. तुम्ही त्याला 'आलू' म्हणता. फारसी भाषेत मात्र 'आलू' हे एका फळाचे नाव आहे. आलूबुखारा तुम्हांला माहीत आहेच. त्यातला 'आलू' तो हाच. इराणमध्ये बटाट्याला 'सीबजमिनी' म्हणतात, म्हणजे जमिनीतले सफरचंद!

बटाटा जिथे जिथे गेला, तिथे लोकांनी त्याला आपापले ड्रेसिंग दिले. जर्मनीच्या दक्षिण भागात गरम बटाट्यांवर सिरका, तेल आणि गरम रस्सा घालतात. उत्तर भागात अंड्याचे मेयोनीज घालतात. आपल्या महाराष्ट्रात उपवासाच्या दिवशी बटाट्याची कोशिंबीर करतात. तिच्यात दही, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि वरून तुपातली जिऱ्याची फोडणी असते.

रशियातील मॉस्को शहरात १८६० च्या सुमारास ल्यूसिएन ओलिव्हिए नावाचा एक आचारी होता. त्याच्या उपाहारगृहातील सॅलड खूप प्रसिद्ध झाले. पण त्याच्या ड्रेसिंगची कृती त्याने कोणाला सांगितली नाही, असे म्हणतात. १८८३ मध्ये तो मरण पावला आणि ती कृतीही त्याच्याबरोबर गेली. आज त्याच्या नावाने जे बटाट्याचे सॅलड केले जाते, ते नंतरच्या लोकांनी आपल्या अंदाजाने बनवलेले आहे. इराणमध्येही ते 'सालाद ओलिविये' म्हणून आवडीने खातात. नाव टिकले, कृती हरवली. म्हणून आपण आपली कृती लपवणार नाही. ती नीट समजून घेऊ आणि दुसऱ्यालाही सांगू.

आधी एक छोटा प्रयोग करा. काचेची एक स्वच्छ बाटली घ्या. तिच्यात तीन चमचे तेल आणि एक चमचा लिंबाचा रस घाला. झाकण घट्ट लावा आणि बाटली जोराने हलवा. मिश्रण पांढरट दिसेल. तुम्हांला वाटेल, झाले एकजीव! आता बाटली टेबलावर ठेवा आणि पाहत राहा. थोड्याच वेळात तेल वर येईल आणि रस खाली बसेल. पुन्हा हलवा, पुन्हा तेच होईल. तेल आणि पाणी शेजारी राहतात, पण एक होत नाहीत.

असे ड्रेसिंग बटाट्यावर घातले तर काय होईल? एका फोडीला नुसते तेल लागेल. दुसरी फोड दात आंबवील. तळाशी रस साचेल तो वेगळाच.

आता त्याच बाटलीत अर्धा चमचा वाटलेली मोहरी घाला आणि पुन्हा हलवा. या वेळी मिश्रण दाट होईल आणि जास्त वेळ तसेच राहील. तुम्ही जिला राई म्हणता, तीच ही मोहरी. एवढ्याशा मोहरीने काय केले? हलवल्यामुळे तेलाचे अगदी बारीक थेंब होतात. हे थेंब एकमेकांना भेटले की पुन्हा मोठे होतात आणि वर येतात. मोहरीच्या सालीत चिकट पदार्थ असतो. त्याचे आणि मोहरीच्या बारीक कणांचे जणू कुंपण थेंबांभोवती तयार होते. त्यामुळे थेंब एकमेकांना सहज मिळत नाहीत. दोन न जुळणाऱ्या माणसांमध्ये एखादा समजूतदार मध्यस्थ बसावा, तसे काम मोहरी करते.

अंड्याच्या पिवळ्या बलकातही असा मध्यस्थ असतो. त्याचे नाव लेसिथिन. त्याच्याच बळावर मेयोनीज दाट होते. पण पूर्वापार पद्धतीच्या मेयोनीजमध्ये अंडे कच्चेच असते, आणि इथेच धोका आहे. कच्च्या अंड्यात किंवा त्याच्या कवचावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. अंडे नीट शिजले तर ते मरतात. कच्च्या अंड्यात ते जिवंत राहतात. असे अन्न खाल्ले तर ताप, उलट्या आणि जुलाब होतात. लहान मुले आणि वृद्ध माणसे यांना तर ते जिवावर बेतू शकते. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगण सरकारनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एक वर्षासाठी अशी बंदी घातली होती. म्हणून आपण अंड्याऐवजी मोहरी आणि दह्याचा चक्का वापरणार आहोत. या दोन्ही वस्तू आपल्या स्वयंपाकघरातल्याच आहेत.

साहित्य

बटाटे अर्धा किलो
गोडे तेल तीन मोठे चमचे
लिंबाचा रस दीड मोठा चमचा
कच्ची मोहरी एक लहान चमचा
ताजे दही एक वाटी
साखर अर्धा लहान चमचा
मीठ चवीप्रमाणे
बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि एक हिरवी मिरची

लिंबाचा रस एक चमचा तर तेल तीन चमचे, हे प्रमाण ध्यानात ठेवा. उरलेला अर्धा चमचा रस बटाट्यांसाठी आहे.

कृती

पहिले काम दह्याचे. दही स्वच्छ पातळ कापडात बांधा आणि दोन तास टांगून ठेवा. खाली भांडे ठेवायला विसरू नका. पाणी निथळून गेले की कापडात घट्ट चक्का उरेल. उन्हाळ्यात बाहेर टांगल्यास दही आंबट होते. म्हणून कापडाची पुरचुंडी चाळणीत ठेवा आणि चाळणी भांड्यावर ठेवून ते सगळे फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरे काम बटाट्यांचे. बटाटे निवडताना डोळे उघडे ठेवा. हिरवे पडलेले किंवा खूप कोंब आलेले बटाटे घेऊ नका. त्यांच्यात विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते उकडूनही जात नाही. चांगले बटाटे धुऊन सालीसकट थंड पाण्यात घाला, मीठ टाका आणि मग गॅस पेटवा. उकळत्या पाण्यात एकदम टाकले तर बटाटा बाहेरून फुटतो आणि आतून कच्चा राहतो. सुरी सहज आत गेली की बटाटे बाहेर काढा. कोमट असतानाच सोलून फोडी करा आणि त्यांवर अर्धा चमचा लिंबाचा रस व चिमूटभर मीठ घाला. कोमट बटाटा रस आत ओढून घेतो. पूर्ण थंड झालेल्या बटाट्यावर तोच रस वरच्या वर राहतो. दक्षिण जर्मनीतले लोक बटाटे गरम असतानाच सिरका का घालतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

तिसरे काम मोहरी फेसण्याचे. 'फेसणे' हा मराठी स्वयंपाकघरातला खास शब्द आहे. मोहरीची पूड थोड्या पाण्यात घोटून घोटून फेसाळ आणि झणझणीत करणे म्हणजे मोहरी फेसणे. मोहरीचा दाणा हातात घेऊन हुंगा. काही वास येतो का? येत नाही. तिखटपणा तयार करणारी दोन द्रव्ये दाण्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा कुटला आणि त्याला पाणी लागले की ती एकत्र येतात आणि मग नाकात झणका बसतो. ही मोहरी भाजू नका आणि तिच्यात गरम पाणीही घालू नका. उष्णतेने त्या दोघांपैकी एक द्रव्य निकामी होते. मोहरी खलबत्त्यात बारीक कुटा. तिच्यात दोन लहान चमचे थंड पाणी घाला आणि चमच्याने घोटा. मग दहा मिनिटे झाकून ठेवा. लिंबू लगेच पिळू नका. आंबट पडले की झणका वाढायचा थांबतो.

आता मुख्य काम. एका खोल वाडग्यात फेसलेली मोहरी घ्या. त्यात एक चमचा लिंबाचा रस, मीठ आणि साखर घाला आणि ढवळा. मीठ आणि साखर तेलात विरघळत नाहीत. म्हणून ती तेलाच्या आधी, रसातच विरघळवायची. नंतर चक्का घालून मिश्रण एकसारखे करा.

शेवटी तेल घाला. हीच या कृतीची खरी परीक्षा आहे. एका हाताने सारखे फेटत राहा आणि दुसऱ्या हाताने तेल सोडा. आधी अगदी थेंब थेंब, आणि मिश्रण दाट होऊ लागले की बारीक धारेने. एकदम सगळे तेल ओतू नका. थेंब बारीक झाले तरच मोहरीला त्यांच्याभोवती कुंपण घालता येते. एकदम ओतलेल्या तेलापुढे तिचे काही चालत नाही. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण तुम्ही वाचली असेल. इथे ती हाताने करून पाहा.

आणि समजा, घाई झालीच. तेल सुटले आणि मिश्रण पातळ, दाणेदार झाले. तर काय कराल? फेकून देऊ नका. दुसरा वाडगा घ्या. त्यात एक चमचा चक्का किंवा थोडी फेसलेली मोहरी घाला. आता बिघडलेले मिश्रण त्यात चमचा चमचा घालून फेटत जा. ते पुन्हा जुळून येईल. अन्न वाचेल आणि चूक कशी सुधारायची, हेही तुम्ही शिकाल.

तयार ड्रेसिंगची चव पाहा. फार आंबट वाटले तर थोडे तेल घाला. सपक वाटले तर मीठ घाला. बटाटे थंड झाले की त्यांत कांदा, मिरची, कोथिंबीर आणि ड्रेसिंग घाला. हलक्या हाताने कालवा. फोडींचा लगदा होऊ देऊ नका.

आता शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, तुमच्या शाळेत आनंदमेळावा आहे. तुम्ही सकाळी आठ वाजता सॅलड केले, डब्यात भरले आणि दुपारी बारा वाजता मित्रांना वाढायला घेतले. डबा उघडला. वास चांगला आहे, रंगही चांगला आहे. वाढाल का?

वाढू नका. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात रोगजंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या वर्गाचे तापमान नेमके याच्या मध्ये असते. आपण अंडे घातले नाही, म्हणून सगळा धोका टळला असे समजू नका. शिजलेल्या बटाट्यात पाणी भरपूर असते. सोलताना, चिरताना आपले हात, सुरी, पाट सगळे त्याला लागते. तिथून जंतू येऊ शकतात. अन्न बाधणारे जंतू वाढले तरी वास बदलेलच असे नाही. म्हणून नाकावर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा. सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उन्हाळ्यात तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. मेळाव्यासाठी न्यायचेच असेल तर ड्रेसिंग आणि बटाटे वेगवेगळ्या डब्यांत भरा, डबे बर्फाच्या पेटीत ठेवा आणि वाढायच्या वेळी कालवा. काम सुरू करण्यापूर्वी साबणाने हात धुवा, हे तर सांगायलाच नको.

'इतकी मेहनत केली, आता टाकून कसे देऊ?' असे मनात येईल. अन्न टाकणे वाईट, हे आपण घरात लहानपणापासून ऐकतो आणि ते खरेही आहे. म्हणूनच लागेल तेवढेच करा. पण शंका आलेले अन्न दुसऱ्याच्या ताटात वाढणे त्याहून वाईट. जो आपल्या हातचे खातो, तो आपल्यावर विश्वास ठेवून खातो.

मित्रांनो, बाजारात ड्रेसिंगच्या तयार बाटल्या मिळतात. पण आपण केलेल्या ड्रेसिंगमध्ये काय घातले, किती घातले आणि का घातले, हे आपल्याला ठाऊक असते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी करून पाहा. अम्मीला चव द्या आणि कृती विचारली तर न लपवता सांगा. सांगाल मात्र मराठीत!

शब्दार्थ

ठळक – चटकन लक्षात येणारे
आचारी – स्वयंपाक करणारा
एकजीव – पूर्ण मिसळलेले
मध्यस्थ – दोघांमध्ये पडून त्यांना जुळवणारा
बलक – अंड्याचा आतला पिवळा भाग
जिवावर बेतणे – मरणाचा धोका निर्माण होणे
चक्का – पाणी काढून टाकलेले घट्ट दही
निथळणे – पाणी हळूहळू गळून जाणे
पुरचुंडी – कापडात बांधलेली लहान गाठोडी
कोमट – थोडे गरम
झणका – नाकाला बसणारा तिखट झटका
निकामी – उपयोग नसलेले
तेल सुटणे – मिश्रणातून तेल वेगळे होणे
सपक – चव नसलेले
बाधणे – खाल्लेले अंगाला त्रास देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'सॅलड' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) बटाट्याचे मूळ गाव कोणते?
(इ) इराणमध्ये बटाट्याला काय म्हणतात?
(ई) अंड्याच्या बलकात कोणता 'मध्यस्थ' असतो?
(उ) उन्हाळ्यात सॅलड बाहेर किती वेळ ठेवावे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोहरी तेलाच्या थेंबांना कशी अडवते?
(आ) मोहरीत गरम पाणी का घालू नये?
(इ) लिंबाचा रस कोमट बटाट्यावरच का घालावा?
(ई) 'नाकावर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा,' असे लेखक का म्हणतात?

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) मीठ आणि साखर ______ विरघळत नाहीत.
(आ) उकडलेला बटाटा ______ स्वभावाचा असतो.
(इ) नाव टिकले, ______ हरवली.

४. पुढील क्रिया पाठातील क्रमाने लिहा.
तेल थेंब थेंब सोडणे, दही टांगणे, मोहरी फेसणे, बटाटे सोलून फोडी करणे, चक्का घालणे.

५. व्याकरण
'बाटली जोराने हलवा.' 'मोहरी भाजू नका.' पहिल्या वाक्यात काम करायला सांगितले आहे, दुसऱ्यात करू नये असे सांगितले आहे. ही आज्ञार्थी वाक्ये आहेत. पाठातून अशी प्रत्येक प्रकारची तीन वाक्ये शोधून लिहा.

६. वाक्यांत उपयोग करा.
एकजीव होणे, जिवावर बेतणे, विश्वास ठेवणे, ध्यानात ठेवणे.

७. उपक्रम
(अ) पाठातील बाटलीचा प्रयोग मोहरी न घालता आणि मोहरी घालून करा. दोन्ही वेळी तेल वेगळे व्हायला किती मिनिटे लागली, ते वहीत लिहा.
(आ) 'थेंबे थेंबे तळे साचे' या अर्थाची उर्दू म्हण शोधा आणि वर्गात सांगा.
(इ) तुमच्या घरी केला जाणारा रायता किंवा चटणी यांपैकी एकाची कृती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.